कॉफी मशीनला पंख्याचा रेग्युलेटर बसविणेबाबत

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या गजभिये काकांनी कॉफीच्या मशीनला छताच्या पंख्याचा रेग्युलेटर बसवला, त्याला तीन सह्या लागल्या. पहिली सही प्रस्ताव मिळाल्याची, दुसरी तो शंका काढून परत पाठवल्याची आणि तिसरी मंजुरीची. तिन्ही सह्या एकाच बाईंच्या, म्हणजे गजभिये काकूंच्या. नवराबायकोच्या मध्ये आठ पावलांचा एक पॅसेज आहे. त्या पॅसेजमधून हिरव्या कागदांची फाइल स्वयंपाकघरातून निघायची आणि शेरा घेऊन परत यायची.

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं दोनच. एक आमचं, एक त्यांचं. काका मूळचे भंडाऱ्याचे. सगळी नोकरी दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत प्रेशर गेज तपासण्यात गेली. काकू नागपूरच्या. क्लार्क म्हणून केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात लागल्या आणि परीक्षा देत देत उपसचिव होऊन निवृत्त झाल्या. "घरात मी यांच्यापेक्षा चार ग्रेड खाली," हे काका पहिल्याच भेटीत सांगतात, आणि ते इतक्या अभिमानाने, की ऐकणाऱ्या नवऱ्याला आपण उगाच बरोबरीत लग्न केलं असं वाटावं.

मशीन त्यांच्या मुलीने दिलेलं. रश्मी बंगळूरला असते, आणि तिकडच्या हवेमुळे असेल, कॉफीबद्दल फार गंभीर असते. आई निवृत्त झाली तेव्हा तिने हे एस्प्रेसोचं यंत्र पाठवलं. चार महिने ते खोक्यातच होतं. मग एके दिवशी काकांनी खोकं फोडलं, पहिला कप काढला, आत स्वतःचं एक गेज जोडून पाहिलं आणि हादरले.

"नितीनजी, पंधरा!" ते आमच्या दारात उभं राहून म्हणाले. "पंधराचं प्रेशर देऊन राहिलं ते. पाहिजे नऊ. कंपनीवाले लिहितात काय आणि देतात काय, यार! गेज खोटं बोलत नाही."

मी चहावाला माणूस. नवाचं काय आणि पंधराचं काय, माझ्या बापजन्मात कोणी कॉफी मोजली नव्हती. पण काकांना झोप लागेना. मशीनच्या आत एक स्प्रिंग असते, ती ढिली केली की जोर कमी होतो. पण स्वयंपाकघर काकूंच्या अखत्यारीत. विचारल्याशिवाय पाना लावायचा कसा? म्हणून त्यांनी सरकारी टिपणीचा हिरवा कागद आणला आणि वर लिहिलं, 'विषय: मशीनचा दाब कमी करणेबाबत.' खाली तीन मुद्दे, आणि शेवटी 'मान्यतेस्तव सादर.'

संध्याकाळी कागद परत आला. समासात काकूंच्या बारीक, सरळ अक्षरात एकच शब्द होता. 'औचित्य?'

तिथून जे सुरू झालं ते दोन वर्षं चाललं. काकांना काहीही विचारा, मशीन कसं चाललंय, या उन्हाळ्यात गावी जाणार का, पाण्याची मोटर कधी दुरुस्त होणार, उत्तर एकच. "फाइल वर गेली आहे." वर म्हणजे बाल्कनीला लागून असलेल्या खोलीत, जिथे काकू टेबलाशी बसतात.

रेग्युलेटरची फाइल मी स्वतः पाहिली आहे. काकांचं म्हणणं असं, की गरम पाणी एकदम जोरात आलं तर कॉफीची पावडर दचकते. आधी तिला हळूहळू भिजवायचं, मग जोर लावायचा. त्यासाठी पंपाला पंख्याचा रेग्युलेटर जोडायचा. एकवर सुरुवात, मग पाचवर.

काकूंनी विचारलं होतं, 'रेग्युलेटर कोठून घेणार?'

'पाहुण्यांच्या खोलीतून.'

'पाहुण्यांचे काय?'

'गेल्या उन्हाळ्यात पाहुणे आले नाहीत.'

त्यावर काकूंनी काही लिहिलं नव्हतं. फक्त 'मंजूर' आणि सही.

मग काकांनी तापमानासाठी लाल आकडे दाखवणारी एक डबी बसवली. बॉयलर त्र्याण्णव अंशांच्या खाली आला की काका कासावीस व्हायचे. त्यानंतर हँडलची पाळी आली. कॉफी ज्यात भरतात त्या हँडलचं बूड त्यांना कापून हवं होतं, म्हणजे धार खालून दिसते आणि आत काय बिघडलंय ते कळतं. त्यांनी मला एका शनिवारी पटपडगंजच्या एका लेथवाल्याकडे सोबत नेलं. लेथवाल्याने ते चकचकीत हँडल हातात उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "बाबूजी, अच्छे-भले हँडल का सत्यानास काहे करवा रहे हो?"

काकांनी खिशातून हिरवा कागद काढून त्याला दाखवला. "अप्रूव्हल है," ते म्हणाले. लेथवाल्याने मुकाट्याने हँडल कापलं. दिल्लीत सही असलेल्या कागदापुढे कोणी वाद घालत नाही.

बूड नसलेल्या हँडलची पहिली चाचणी मात्र हुकली. पावडर एका बाजूला जास्त दाबली गेली होती, त्यामुळे कॉफी कपात न पडता फवाऱ्यासारखी चहूकडे उडाली. भिंत, फ्रिज, काकांचा पांढरा सदरा, सगळं तपकिरी झालं. लगेच काकूंचा शेरा आला, 'जबाबदारी निश्चित करावी.' काकांनी उत्तर दिलं, 'जबाबदारी निश्चित केली. अधोस्वाक्षरीकर्ता दोषी.' शिक्षा म्हणून त्यांनी भिंत रंगवली. रंग कोणता असावा याची वेगळी फाइल झाली.

हे सगळं मला काकांच्या तोंडून कळायचं, कारण ते आठवड्यातून दोनदा तरी आमच्याकडे चहाला येत. माझी बायको मेघना त्यांना आलं घालून चहा द्यायची आणि ते बशीत ओतून समाधानाने प्यायचे. "कॉफीने मला ॲसिडिटी होते," असं त्यांनी एकदा सहज सांगितलं. मी चक्रावलो. ज्या माणसाला कॉफी चालत नाही तो कॉफीसाठी एवढा जीव का काढतो? पण मी विचारलं नाही. ऑफिस, मेट्रो, मुलीचे क्लास यातून मला सवड नव्हती. त्यांच्याकडचं कॉफीचं बोलावणं तर मी नेहमी काहीतरी कारण सांगून टाळायचो.

गेल्या डिसेंबरात रश्मी आली. रविवारी आम्हा दोघांनाही बोलावलं, आणि ती आल्यामुळे टाळता आलं नाही. काकांनी रेग्युलेटर एकवर ठेवला, काट्याकडे पाहिलं, मग हळूहळू पाचवर नेला. मधासारखी जाड, तांबूस धार कपात उतरली. रश्मीने एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. आणि म्हणाली, "बाबा, हे परफेक्ट आहे. आता याला काहीही करू नका. बिल्कुल हात लावू नका."

मीही प्यायलो, आणि खोटं कशाला बोलू, मला आवडली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. काका हसले, पण ते हसणं मला जरा ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं. काकूंनी तिथल्या तिथे फाइल मागवली, चष्मा लावला आणि लिहिलं, 'उद्दिष्ट साध्य. मशीनला यापुढे हात लावू नये. फाइल बंद.'

रश्मी परत गेली. त्यानंतर तीन आठवडे काका आमच्याकडे फिरकले नाहीत. एका सकाळी सोसायटीच्या नोटिशीवर त्यांची सही घ्यायला मी समोर गेलो. दार उघडंच होतं. काका स्वयंपाकघरात मशीनचं झाकण काढून उभे होते. हातात पाना होता. तो स्क्रूपर्यंत जायचा आणि परत यायचा.

"काय झालं, काका? बिघडलं का?"

"नाही ना! तेच तर." त्यांनी पाना ओट्यावर ठेवला. "थोडी स्प्रिंग हलवली की बिघडेल. पण लेखी आदेश आहे. हात लावू नये. अडतीस वर्षांच्या नोकरीत मी लेखी आदेश मोडला नाही हो."

"पण बिघडवायचंय कशाला?"

त्यांनी बाल्कनीच्या खोलीकडे मानेनेच खूण केली. मी डोकावून पाहिलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. काकू इस्त्रीची साडी नेसून, केस विंचरून, टेबलाशी बसल्या होत्या. टेबलावर काही नव्हतं. त्या समोरच्या इमारतीकडे पाहत होत्या, आणि मी आलो हे त्यांना कळलंही नाही.

काका मला दाराबाहेर सोडायला आले. "रिटायर झाली तेव्हा चार महिने अशीच बसायची," ते खालच्या आवाजात म्हणाले. "नऊ वाजता तयार. फोन नाही, फाइल नाही. भाजी कोणती आणू विचारलं तर म्हणायची, तुम्हाला योग्य वाटेल ती. जिच्या सहीवाचून एक कागद हलत नव्हता ती बाई! मला पाहवेना, नितीनजी. मग मी ते खोकं फोडलं. पहिली टिपणी पाठवली त्या दिवशी ती 'औचित्य?' लिहून आली ना, मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. म्हटलं, आली परत." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने चष्मा पुसला. "आता रश्मीने परफेक्ट म्हटलं. आता काहून कोण विचारणार तिला काही?"

मला माझीच लाज वाटली. दोन वर्षं मी या माणसाचे किस्से ऑफिसात रंगवून सांगत होतो.

मी म्हटलं, "काका, बाहेरून तक्रार आली तर बंद फाइल उघडावी लागते ना?"

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "नियमाने उघडावीच लागते," ते म्हणाले.

त्या रविवारी मी आपण होऊन गजभिये काकूंकडे कॉफी मागायला गेलो. काकांनी काढून दिली. अप्रतिम होती. मी तोंड वाकडं केलं आणि म्हटलं, "काकू, जरा आंबट लागतेय."

काकूंनी सावकाश मान वळवली. "आंबट?"

"हो. आणि शेवटी थोडी कडवट."

"म्हणजे आंबट की कडवट? दोन्ही वेगळं असतं." त्यांचा हात चष्म्याकडे गेला. "असं तोंडी चालत नाही. लेखी द्या."

काकांनी हिरवा कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं, 'विषय: कॉफी आंबट लागत असल्याबाबत,' आणि खाली सही केली. काकूंनी तो वाचला, माझी एक वेलांटी सुधारली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. बघते."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघायच्या आत काका फाइल घेऊन दारात हजर. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. "खाली आली," ते म्हणाले.

काकूंनी जवळजवळ पानभर लिहिलं होतं. पाणी, पावडर, कप धुण्याची पद्धत, एकेक मुद्दा तपासायचे आदेश होते. तक्रारदाराची जीभ चहाने बिघडलेली असण्याची शक्यताही नोंदवली होती. आणि सगळ्यात शेवटी, सहीच्या वर, हे होतं: 'तक्रार दाखल. दोष दूर होईपर्यंत तक्रारदाराने दर रविवारी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहावे. पत्नी व मुलीस सोबत आणावे. आमच्याकडे कोणी नसते, त्यामुळे वेळेची अडचण नाही.'

मी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

"काका, दोष दूर व्हायला किती दिवस लागतील?"

"माझ्या हातात असेल तर लवकर होत नाही," काका म्हणाले आणि पेन पुढे केलं. "पोच द्या."

मी समासात लिहिलं, 'आदेश मिळाला. आम्ही तिघे हजर राहू,' आणि सही केली.