शेपटीवरचा पत्ता

"नाना, पोरांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

हेमलता मॅडमचा आवाज चिरकला. देवपुरातल्या शाळेच्या मैदानावर नववीची चोवीस मुलं रांगेत उभी होती आणि एकाच्याही पाठीवर चिठ्ठी नव्हती. जळगावहून आलेल्या परीक्षक बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेत होत्या.

शालिग्राम नाना, शाळेचे शिपाई, शाबासकी मिळेल अशा चेहऱ्यानं पुढे आले.

"मीच काढ्यात, मॅडम. बठ्ठा पोरेसना पाठवर चिठ्ठ्या! प्रार्थनेच्या वेळी कोणी तरी वात्रटपणा करेल शे. खिचडीना चुल्हामा टाकी दिध्यात."

"नाना, त्या मी लावल्या होत्या!"

"तुमी?" नानांनी मॅडमकडे असं पाहिलं, की जणू बत्तीस वर्षांच्या नोकरीत शिक्षकांकडून त्यांना ही अपेक्षा नव्हती.

पंधरा दिवस त्या या प्रयोगामागे लागल्या होत्या. पेशीत तयार झालेलं प्रथिन नेमक्या आपल्याच पटलावर, म्हणजे पातळ पडद्यावर, कसं पोचतं, हे मुलांकडून त्या करून दाखवणार होत्या. अशा प्रत्येक प्रथिनाच्या अंगावरच त्याचा पत्ता असतो, आणि काहींचा तर अगदी शेपटीकडे. तो पत्ता प्रथिनाला स्वतःला वाचता येत नाही. वाचणारा वाहक वेगळा असतो. म्हणून चिठ्ठ्या पाठीवर. वाहक होती लाल टोपीवाली ज्योती. तिनं चिठ्ठी वाचायची आणि खुंट्यांना हिरवी साडी बांधून केलेल्या जालिकेकडे, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याकडे, किंवा केशरी साडीच्या तंतुकणिकेकडे, म्हणजे पेशीच्या वीजघराकडे, मुलाला नेऊन सोडायचं. हिरवीकडे वीस, केशरीकडे चार. कोण कुठला हे मुलांना मुद्दामच सांगितलं नव्हतं, आणि चिठ्ठ्या पिसून लावल्यामुळे आता मॅडमनाही ते माहीत नव्हतं.

शिवाय मुख्याध्यापक बन्सीलाल सर आधीच म्हणाले होते, "मॅडम, जळगावच्या विज्ञान प्रदर्शनासाठी यंदाही निवड झाली नाही, तर प्रयोगशाळेची खोली मला मोडक्या बाकांसाठी लागेल."

"दुसऱ्या चिठ्ठ्या लिहू?" ज्योतीनं विचारलं.

तेवढ्यात बन्सीलाल सर परीक्षकांना घेऊन मैदानात आलेच. डॉक्टर सरिता महाजन, बारीक चष्मा, हातात वही. "करा सुरू," त्या म्हणाल्या. "मला परत जळगाव गाठायचंय."

मॅडमनी देवाचं नाव घेऊन शिट्टी वाजवली. पहिलं प्रथिन निघालं. ज्योतीनं त्याची पाठ बघितली, मग पोट बघितलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मॅडम, याला पत्ताच नाहीये!"

"चालू राहू दे," मॅडम दात आवळून म्हणाल्या.

मार्च संपत आला होता. ऊन मी म्हणत होतं. हिरवी साडी भर उन्हात होती आणि केशरी साडी लिंबाच्या सावलीत. ते प्रथिन जरा घुटमळलं आणि सरळ सावलीत जाऊन बसलं. दुसरं त्याच्या मागे गेलं. मग काही विचारूच नका. दहा मिनिटांत केशरी साडीच्या आत बावीस मुलं कोंबली होती आणि जालिकेत दोन मुली कपाळावर हात धरून उन्हात उभ्या होत्या. केशरी साडी मॅडमच्या धाकट्या जावेची होती. तिचा काठ एका खुंटीपाशी टरकन वाजला.

"अहो, तिथं चारच हवेत हो! बाकीचे सगळे चुकून घुसलेत!" मॅडम स्वतःशीच कळवळल्या.

शेजारी नाना उभे होते. चिठ्ठ्या जाळल्याचं त्यांच्या मनाला फार लागलं होतं. मॅडमचं कळवळणं त्यांनी हुकूम समजून ऐकलं. बाह्या सारल्या आणि ते केशरी साडीत शिरले.

"नाना! नाना, नको!"

"ए पोऱ्या, ऊठ! तुनी जागा हाई नही!" नानांनी पहिल्या मुलाला बखोट धरून बाहेर ओढलं. "चाल तिकडे, हिरव्याकडे. आणि तू? तू कशाले लपस? निंघ!"

एकेक पोरगं बाहेर पडत होतं. एक जण गुपचूप परत घुसला, त्याला नानांनी पुन्हा काढला. बन्सीलाल सरांनी डोळे मिटून घेतले. मॅडमना प्रयोगशाळेत रचलेले बाक दिसू लागले. शेवटी केशरीत चार उरले तेव्हा नाना घामानं निथळत बाहेर आले आणि पहारा दिल्यासारखे दारात उभे राहिले.

परीक्षक बाई वहीत काहीच लिहीत नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला होता.

"हे कुणाला सुचलं?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, म्हणजे ते... झालं असं..." हेमलता मॅडम चाचरल्या.

"अहो, पत्ता वाचणारा वाहक चुकला की शेपटीवर पत्ता असलेली प्रथिनं भलतीकडे, तंतुकणिकेतच घुसतात! आणि त्यांना उपटून बाहेर काढणारं एक वेगळं प्रथिन तिथल्या पटलावर असतं. शाळेच्या पुस्तकात याची ओळदेखील नाही. आणि तुमच्याकडे हे... हे कोण आहेत?"

"शालिग्राम नाना," नाना छाती पुढे काढून म्हणाले. "मीच शे ते प्रोटीन."

निवड झाली. प्रयोगशाळा वाचली. आठवड्यानं जळगावहून पत्र आलं तेव्हा बन्सीलाल सरांनी मॅडमना बोलावून घेतलं आणि बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले.

"गाडीत मुलांबरोबर मोठं माणूस एकच बसेल. बाईंनी मार्गदर्शक म्हणून नाव लिहून पाठवलंय. नानांचं."

"आणि मी?"

"त्या दिवशी नाना नाहीत म्हणजे..." सर छताकडे बघत म्हणाले, "घंटा कोण देणार? तुमचे तास तर तसेही रिकामेच, सगळी नववी तिकडे."

ठरल्या दिवशी हेमलता मॅडमनी घंटा दिली. पहिल्या तासाची, दुसऱ्याची, तिसऱ्याची. प्रत्येक टोला त्या जरा जास्तच जोरानं हाणत होत्या. चौथ्या तासाला तर एरंडोलहून गाडीतल्या पोरांनी नानांना मध्ये बसवून काढलेला हसरा फोटो मोबाइलवर आला, आणि तो बघत मॅडम टोले देतच राहिल्या.

थोड्या वेळानं नानांचाच फोन आला.

"मॅडम, माझ्या नातीनं शाळेमागच्या घरून फोन केला. विचारत होती, आज शाळा लवकर कशी सुटली. तुमी सुटीची लांब घंटा दिधी का?"

मॅडमनी खिडकीतून पाहिलं. फाटक सताड उघडं होतं. नववी सोडून सगळी शाळा दप्तरं पाठीला लावून, कुणालाही काही न विचारता, बिनचूक आपापल्या घराकडे निघाली होती.