पहिली पंगत क्रॅनवेलांची

क्रॅनवेल कुटुंब मंडळाच्या वार्षिक जेवणाचा नियम एका ओळीचा होता: रक्ताचा असेल तो बसेल, लग्नाने आलेला असेल तो वाढेल. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी चार वाजता, हॅडलबरीच्या चर्चमागच्या दालनात लांबलचक टेबल मांडलं जाई. आमच्या खोऱ्यात पहिलं झाड तोडणाऱ्या गिडियन क्रॅनवेलचे त्रेसष्ट वंशज छातीला पितळी बिल्ला लावून बसत आणि त्यांच्या बायका, नवरे, सुना, जावई अ‍ॅप्रन बांधून मागे उभे राहत. मीही क्रॅनवेलांचा जावई. माझ्याकडे बटाटे होते.

कॉफी मात्र लव्हिनियाकडे. एल्डन क्रॅनवेलशी लग्न होऊन तिला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि एकेचाळीस वर्षं ती त्या दणकट किटलीने कॉफी ओतत आली होती. गेल्या वर्षी तिचं मनगट आखडलं. एल्डनच्या कपापाशी आल्यावर तिने किटली दोन्ही हातांनी पेलली आणि हळूच म्हणाली, "एकदा तरी तुझ्या शेजारी बसायला मिळायला हवं होतं रे."

एल्डनने हातातला पाव खाली ठेवला. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस टेबलाच्या टोकाशी बसून पहिला पाव कापायचा. त्या मानाचा त्याला भारी अभिमान. पण त्या दिवशी पाव त्याला गोड लागला नाही.

हिवाळाभर तो विचार करत होता. लव्हिनियाचं माहेर नदीपलीकडच्या डोबिनांचं. त्यांच्याकडे एक गवताळ तुकडा होता, त्याला सगळे 'मर्सीचं कुरण' म्हणत. ही मर्सी कोण, हे डोबिनांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तीनशे वर्षांत दोन्ही काठांची सोयरीक एकदाही झाली नसेल, असं थोडंच आहे? बायकोला न सांगता एल्डन सप्टेंबरात नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन धडकला.

तिथलं दफ्तर मिसेस गॅफ्नी सांभाळत. त्यांना गावात येऊन अडतीस वर्षं झाली होती, म्हणून गाव त्यांना अजून नवीनच समजत असे.

"आज काय, मिस्टर क्रॅनवेल? कुत्र्याचा परवाना?"

"जमिनीची खतं बघायचीत. आणि लग्नाची नोंदवही. जुनी."

"किती जुनी?"

"असेल तेवढी."

तीन आठवडे एल्डन तिजोरीच्या खोलीत बसून धूळ खात होता. कुरण लव्हिनियाच्या वडिलांना त्यांच्या वडिलांकडून आलं, त्यांना त्यांच्या वडिलांकडून, असं करत तो एकेका खताने मागे सरकत गेला. हद्द प्रत्येक वेळी तीच: पांढऱ्या ओकपासून दगडांच्या ढिगापर्यंत, तिथून ओढ्यापर्यंत. ओक कधीच मेला होता, पण खतांमध्ये दिमाखात उभा होता. शेवटी लग्नाच्या वहीत १७११ सालची ओळ सापडली: जोनाथन डोबिन आणि मर्सी, गिडियन क्रॅनवेलची मुलगी. एल्डन एवढ्या मोठ्याने ओरडला की मिसेस गॅफ्नींच्या हातातला शिक्का चुकून त्यांच्याच बाहीवर बसला.

"माझी बायको क्रॅनवेल आहे!"

"ती एकेचाळीस वर्षं क्रॅनवेल आहे, मिस्टर क्रॅनवेल."

"तशी नाही हो! रक्ताची!"

आता फक्त शेवटचं खत हवं होतं, गिडियनने स्वतः लिहून दिलेलं, १७१६ सालचं. तेही मिळालं. वरच्या अर्ध्या पानात लिहिलं होतं, "माझी एकुलती मुलगी मर्सी हिला ओढ्याकाठचं कुरण." एल्डनने डोळे पुसले आणि मग, वाचायला नको होतं ते, खालचं अर्धं पान वाचलं.

"मला मुलगा झाला नाही. माझी पत्नी पेशन्स हिचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा एबेल, ज्याला मी तो सहा वर्षांचा असल्यापासून वाढवलं आणि माझं नाव दिलं, त्याला घराजवळची चार एकर. मोबदला: त्याच्यावर माझी असलेली माया."

एल्डन एबेलचा वंशज होता. लहानपणापासून ती वंशावळ त्याला तोंडपाठ होती. तो खुर्चीत मागे टेकला. दोन मिनिटांत बायको क्रॅनवेल झाली होती आणि तो कुणीच राहिला नव्हता.

थोड्या वेळाने तो नक्कल काढायच्या यंत्राशी कसलीतरी खटपट करताना दिसला. यंत्रातून कागद आला, त्यावर वर मर्सीचं कुरण आणि खाली एल्डनची टोपी.

"हे काय?" मिसेस गॅफ्नींनी विचारलं.

"मला वरचंच हवंय."

"शिक्क्याची नक्कल अख्ख्या पानाची मिळते. टोपीवर शिक्का मारत नाही मी."

अख्खं पान घेऊन तो घरी आला आणि त्याने ते बियाण्यांच्या कॅटलॉगखाली सरकवलं. दोन दिवस तो कॅटलॉगभोवती घुटमळत होता. कागद दाखवला तर लव्हिनियाला खुर्ची मिळणार होती, पण त्याची स्वतःची जाणार होती. न दाखवावा असं मनात ठरत आलं होतं, पण तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला स्वयंपाकघरात लव्हिनिया दिसली. मनगटाला पट्टी गुंडाळून ती पाण्याने भरलेली किटली दोन्ही हातांनी उचलून बघत होती.

"काय चाललंय?"

"सराव," ती म्हणाली. "शनिवारी सांडायला नको."

एल्डनने कॅटलॉग बाजूला केला आणि थेट यूफेमियाचं दार ठोठावलं.

मिस यूफेमिया क्रॅनवेल त्याची चुलत बहीण आणि मंडळाची चिटणीस. चाळीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवल्यामुळे ती हवापाण्याबद्दलसुद्धा तोंडी परीक्षा घेतल्यासारखं बोलायची. तिने कागद उभ्यानेच वाचला आणि मग खाली बसली.

"एल्डन, एबेलचे वंशज कोण कोण आहेत, कल्पना आहे?"

"मी."

"तू. आणि मी. आणि यादीतले एकूण एक. मुलीचं आडनाव बदललं, तिची माणसं नदीपलीकडे विसरली गेली. क्रॅनवेल नाव चालवलं ते एबेलने. यादी मीच टाईप केली आहे. त्रेसष्टच्या त्रेसष्ट एबेलचे!"

एल्डनचा चेहरा पडला. "यूफी, हा कागद आपण दोघांनीच पाहिलाय."

"आयुष्यभर मी कॉपी करणारी पोरं पकडली," यूफेमिया म्हणाली. "आता या वयात मला कॉपी करायला लावतोस?" आणि तिने छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

यूफेमियाने यादीतल्या प्रत्येकाला कळवलं: रक्ताचा नसेल त्याने बसायचं नाही. शनिवारी हॅडलबरीने जे पाहिलं, ते पुन्हा कुणी पाहणार नाही. दालनात त्रेसष्ट खुर्च्या आणि त्यातल्या एकीवर, टेबलाच्या टोकाशी, निळ्या पोशाखात अवघडून बसलेली लव्हिनिया. मागे त्रेसष्ट क्रॅनवेल उभे. अ‍ॅप्रन चौदाच होते, बाकीच्यांनी भांडी पुसायचे पंचे खोचले होते. कुणाच्या बापजन्मी कुणी वाढलं नव्हतं. अकरा जणांनी लोणी आणलं, काटा मात्र एकानेही आणला नाही. आम्ही जुने वाढपी स्वयंपाकघराच्या दारात दाटीवाटीने उभे राहून बघत होतो.

कॉफी एल्डनने आणली. कपात थोडी गेली, उरलेली बशीत.

"मनगट वळव," लव्हिनिया पुटपुटली. "दंड नको वळवू."

मग यूफेमियाने चिटणीस म्हणून कागद मोठ्याने वाचला, अगदी शेवटच्या 'माया' शब्दापर्यंत. एल्डन किटली धरून खाली बघत राहिला.

"यूफेमिया," लव्हिनिया म्हणाली, "गिडियन एबेलला जेवायला कुठे बसवत असेल?"

"तसा उल्लेख खतात नाही."

"तुला काय वाटतं?"

यूफेमियाने चष्मा काढला. "शेजारी," ती म्हणाली. "पण नियम..."

"नियम राहू दे टेबलावर." लव्हिनियाने आपली ताटली उचलली. "मला एकटीने जेवायची सवय नाही." आणि ती सरळ स्वयंपाकघरात आली. तिच्यामागे किटलीसकट एल्डन, आणि त्याच्यामागे, पंचे सावरत, सगळं खानदान.

आता आमचं बिंग फुटणार होतं. लव्हिनियाने माझ्याकडे बघून मान हलवली, तेव्हा मी मागच्या भट्टीचं दार उघडलं. आत मातीचं मोठं मडकं होतं. वर खरपूस पापुद्रा धरलेले, मेपलच्या काकवीत आणि डुकराच्या चरबीत रात्रभर मुरलेले घेवड्याचे दाणे, आणि शेजारी सफरचंदाचं सारण भरून भाजलेल्या सात पाई, गरमागरम. बाहेरच्या टेबलावर जायचं ते मधलं, मऊ आणि कोमट. खरपूस सगळं आत राहायचं. आमच्या आधीच्या सुना-जावयांपासून चालत आलेली रीत होती ती.

एल्डनने एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"एकेचाळीस वर्षं?" त्याने विचारलं.

"दर वर्षी."

"आणि मला तुझी दया येत होती!"

"मला तुझी यायची, एल्डन. एवढ्या ताठ खुर्चीत, त्या कोमट ताटासमोर." मग ती जरा थांबली. "पण शेजारी बसायचं होतं, ते खरंच होतं हं."

त्याने सफरचंदांचं खोकं पालथं घातलं, फुंकर मारून साफ केलं आणि सरकून तिला जागा केली. तिने दुखरा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्याने तो एका हाताने धरून ठेवला आणि दुसऱ्याने खात राहिला.

यूफेमिया मात्र रिकामी ताटली घेऊन उंबऱ्यातच उभी होती. तिचं लग्न झालेलं नव्हतं.

"मी रक्ताची नाही," ती म्हणाली, "आणि लग्नाचीही नाही. मला नेमकं कुठे उभं राहायचं, ते नियमात बसत नाही."

लव्हिनियाने मडक्यातला सगळ्यात खरपूस कोपरा खरवडून तिच्या ताटलीत घातला आणि खोक्यावर अजून थोडी सरकली.

"बस इथे," ती म्हणाली. "सध्या तरी मंडळात रक्ताची मी एकटीच आहे, आणि मी हरकत घेत नाहीये."