लॅपटॉपमधला बांध

जी वस्तू दोघांत नीट वाटता येत नाही, ती घरात टिकत नाही. अडुसष्ट वर्षांच्या अनुभवाने बापूरावांना हे पटले होते. म्हणूनच ड्युअल-कोर प्रोसेसर शोधून काढणाऱ्या माणसाबद्दल त्यांना अतोनात आदर वाटे. त्याच्या घरी नक्कीच वाटण्या झाल्या असणार.

केनवडच्या शिवारात बापूराव वांगी-मेथी पिकवत. शेजारच्या तुकड्यात त्यांच्या दिवंगत धाकट्या भावाची बायको, पंचफुलाबाई, कोथिंबीर लावत. विहीर एक, पाळ्या दोन. दोन्ही घरांनी मिळून नातींसाठी एकच लॅपटॉप घ्यायचे ठरवले, तेव्हा रिसोडचे दुकानदार देवेंद्रकुमार म्हणाले, "बापूरावजी, याच्यात दोन कोर आहेत. दोन कारभारीच समजा ना! एक तुमच्या तनुजाचं काम करते, दुसरा त्यांच्या सुप्रियाचं. झगड्याचा सवालच नाही."

झाले. डावा कोर बापूरावांच्या नावे आणि उजवा पंचफुलाबाईंच्या नावे करण्यात आला. (कोर डावे-उजवे असतात की वर-खाली, हे विचारायचे राहिले. वाटणीला बसलेल्या गावच्या पंचांनी दिशा ठरवताना सूर्य पाहिला.) पडद्याच्या मधोमध वायरीला गुंडाळायची काळी टेप उभी चिकटवली. रुंदी पाऊण इंच. हा बांध सामाईक असून दोघांच्या संमतीशिवाय त्याला कोणी नख लावू नये, असा ठराव पाच सह्यांनिशी मंजूर झाला.

व्यवस्था उत्तम चालली. बापूरावांच्या पाहणीनुसार (नमुना: बसथांब्यावरचे लोक) गावातल्या शंभर भांडणांपैकी एकाहत्तर बांधावरून होतात. अठ्ठावीस दुसऱ्या कारणाने सुरू होऊन बांधावर येतात. उरलेले एक लग्नातल्या जेवणावरून झाले होते, पण ती पंगत बांधावर बसली होती. लॅपटॉपने यांत अवघ्या एकोणीस भांडणांची भर घातली. सगळी पडद्यावर फिरणाऱ्या बाणावरून. तनुजाचा बाण चुकून उजवीकडे गेला, की पंचफुलाबाई त्याला शेळीसारखे हाकलत.

हाकलायच्या, पण बापूरावांशी बोलायच्या नाहीत. भावजयीने भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलू नये, ही रीत त्या घरात कडक. भांडणसुद्धा तिसऱ्याच्या तोंडून चाले.

त्यात तनुजाच्या नर्सिंगच्या अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचला मुदत संपणार होती. (अर्ज मोबाईलवर भरता येत नाही, हे संकेतस्थळाने मोबाईलवरच कळवले होते.) साडेचारला शेवटचे पान उघडले आणि 'अर्ज सादर करा' हे बटण बरोबर बांधाखाली निघाले.

"आबा, टेप काढू काय?"

"आजीले विचार."

"सांग वं तनू तुह्या आबाले," पंचफुलाबाई चार फुटांवरून पदर सावरत म्हणाल्या, "बटण बांधात निंघालं. अर्धं आमचं हाय!"

"अर्धं बटण नेऊन करते काय, विचार तिले!"

"ठिवीन म्हणा! काहून, माह्या घरात जागा नाही काय?"

तोवर सव्वीस माणसे जमली होती. पान डावीकडे सरकवावे, हे तनुजाचे म्हणणे पंचांनी फेटाळले. आज पान सरकले, उद्या विहीर सरकेल. बाण टेपखालून न्यावा, तर तो बोगदा ठरतो, आणि बोगद्याला वेगळा ठराव लागतो. शेवटी गर्दीतल्या कमलीबाईने सुचवले, की दोघांनी टचपॅडवर बोट ठेवून एकदमच दाबावे. भासऱ्याच्या बोटाला बोट लागू नये म्हणून मध्ये लग्नपत्रिका उभी धरली. दोघांनी जोर लावला. बाण कोपऱ्यात जाऊन थरथरत बसला.

पाचला नऊ मिनिटे होती.

तनुजा रडत नव्हती. नुसती घड्याळाकडे बघत होती. बापूरावांना ते बघवेना. जन्मात त्यांनी बांधाची एक वीत सोडलेली नव्हती.

"सांग तिले," त्यांनी घसा खाकरला. "बांध तिचा. सगळाच्या सगळा. लिहून घे म्हणा."

पंचफुलाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी एका झटक्यात टेप उपटली.

"माह्या बांधाचं मी काहीबी करीन! दाब वं पोरी, पाहून काय राह्यली?"

चार सत्तावन्नला अर्ज गेला. तनुजा आणि सुप्रिया एकमेकींना धरून गरगर फिरल्या, कमलीबाईने कोणाचे तरी उपरणे उडवले, आणि त्या गोंधळात पंचफुलाबाई थेट बापूरावांकडे वळून ओरडल्या, "आता पेढे आना ना, दादा! पाहून काय राह्यले?"

एक्केचाळीस वर्षांतले पहिले वाक्य. बापूराव पेढे आणायला निघाले ते चपला विसरून.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सगळ्यांना उघडाबोडका वाटू लागला. नवी टेप लावण्यात आली. ती पाऊण इंच डावीकडे, बापूरावांच्या हद्दीत आहे.

शहाणे वाचक केनवडला हसले असतील. हरकत नाही. फक्त एवढेच सांगा, शेजाऱ्याने आपली कुंडी तुमच्या दाराकडे किती सरकवली आहे? (मोजायला उठू नका. आकडा तुम्हाला पाठ आहे.)