परबदादांचा शिफू

आमचे परबदादा भेटेल त्या माणसाला 'शिफू' म्हणतात. बसच्या ड्रायव्हरला शिफू, न्हाव्याला शिफू, कॅफेटेरियातल्या मल्याळी चहावाल्याला "शिफू, दो कडक." तो बिचारा अजून समजतो की दादा त्याचं नाव विसरलेत.

इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या एका खोलीत मी तीन वर्षं त्यांच्याबरोबर राहतोय. मी वसईचा, ऑफिसात बसणारा. ते कणकवलीकडचे, एसी दुरुस्त करणारे. स्वयंपाकाची पाळी माझी असली की मीही शिफू. भांडी घासायची असली की नुसता फ्रान्सिस.

गेल्या आठवड्यात हद्द झाली. आमच्या ऑफिसचा एसी बघायला आले आणि माझ्या मॅनेजरसाहेबांना सगळ्यांदेखत म्हणाले, "शिफू, जरा कुर्सी हटाओ."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून अर्थ विचारला. मला कुठे माहीत? शेवटी अकाउंट्समधल्या चिनी बाईंनी उलगडा केला. उच्चार एकच, पण लिहायचे शब्द दोन. एकात 'बाप' हे अक्षर आहे. तो शिष्याला घडवणाऱ्या गुरूसाठी. दुसरा कुठल्याही हुन्नरी कामगाराला मानाने हाक मारायला: ड्रायव्हर, प्लंबर, आचारी. साहेब यांतले कुणीच नव्हते, म्हणून ही हाक त्यांना फार लागली.

रविवारी दुपारी मी दादांना गाठलंच. "तुमचा शिफू म्हणजे साधा मिस्तरी, दादा. सरसकट सगळ्यांना काय म्हणता?"

"मिस्तरीच," शर्टाला इस्त्री करत ते म्हणाले. "ड्रॅगन मार्ट या चिनी बाजाराजवळ एका चिनी म्हाताऱ्याचं एसीच्या पार्टचं दुकान होतं. पहिल्याच दिवशी उठून खुर्ची दिली मला. म्हणाला, परब शिफू, बसा. सोळा वर्षं इथे मी नुसता 'एसी'. 'एसी आया क्या?' विचारतात लोक."

"मग आता?"

"खलास. दुकान बंद करून गेला आपल्या गावाला." इस्त्री थांबली. "म्हणून मीच सगळ्यांना म्हणतो. वाटतं, कुणीतरी उलट म्हणेल. अजून कुणी म्हटलं नाही."

मी भांडायला आलो होतो.

"परब शिफू," मी म्हटलं.

"असं नव्हे रे. 'शी' उंच धर, 'फू' हळूच सोड. परत."

परत म्हटलं. चूक. तिसऱ्यांदाही चूक. माझं डोकं फिरायला लागलं. चौथ्यांदा बरोबर आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली आणि झालेल्याच शर्टावरून पुन्हा इस्त्री फिरवली.

"अजून एकदा," ते म्हणाले.