वेगळं झालंय

माणसाला रोज भूक लागते ही बाब निर्विवाद असली, तरी ती नेमकी कुठे भागवावी याविषयी मानवजातीने आजतागायत कोणतेही समाधानकारक धोरण आखलेले नाही. युद्धाचे नियम आहेत. रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालावे याचे आहेत. मृत व्यक्तीने स्वतः येऊन पेन्शन उचलू नये असाही एक नियम आहे (अंमलबजावणी ढिली). पण भर दुपारी, अनोळखी गल्लीत, पोटात कावळे ओरडत असताना समोरासमोरच्या दोन खानावळींपैकी कुठल्या दारात शिरावं, हा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडून दिलेला आहे.

ही उणीव भरून काढण्याचं काम वजनमापे खात्यातल्या एका निरीक्षकांनी अंगावर घेतलं होतं. दुकानदारांचे काटे तपासून त्यांवर शिक्का मारायचा ही त्यांची नोकरी, म्हणून सगळे त्यांना काटेसाहेब म्हणत. (तोंडावर. पाठीमागे काय म्हणत, ते छापण्यासारखं नाही.) गावभर फिरतीचं काम असल्यामुळे त्यांचं दुपारचं जेवण बाहेरच व्हायचं, आणि ज्या माणसाला वजनाच्या काट्यातली गव्हाच्या दाण्याएवढी खोट दिसते, त्याला रश्श्यातली दिसणार नाही असं होत नाही. अनुभवांती त्यांनी काही निकष ठरवले आणि ते कचेरीच्या फलकावर, वार्षिक सुट्ट्यांच्या बाजूला, स्वखर्चाने लावले.

पाटीवर पदार्थांचे फोटो असतील, तर मालकाची मेहनत फोटोत गेली असं समजावं.

मालक स्वतःसाठी घरून डबा आणत असेल, तर पाणीही न पिता बाहेर पडावं.

टेबल डगमगलं तरी चालेल. पण त्याच्या पायाखाली कागदाची घडी असावी, आणि ती ताजी असावी. (घडी जुनी असल्यास भातही त्याच सुमारास शिजवलेला असतो.)

'काय चांगलं आहे?' या प्रश्नाला 'सगळंच' असं उत्तर आलं, तर उठावं. 'आज अमुक घेऊ नका' असं उत्तर आलं, तर त्या घरात मुलगी द्यावी. (मुलीचं मत विचारण्यात आलेलं नाही.)

गिऱ्हाइकं बोलत असतील तर जेवण बरं आहे, गप्प असतील तर उत्तम आहे, आणि ताटाचे फोटो काढत असतील तर गार झालेलं आहे.

या निकषांमुळे कर्मचाऱ्यांच्या तब्येती सुधारल्या आणि दुपारनंतरची हजेरी घटली, असं या दोन्ही गोष्टींवर डोळा ठेवणाऱ्या हेडक्लार्कचं म्हणणं होतं.

एकाच प्रकारच्या खानावळीत काटेसाहेब पाऊल ठेवत नसत. 'येथे घरच्यासारखे जेवण मिळेल' अशी पाटी जिथे असेल, तिथे. त्यांच्या पाहणीनुसार शंभरांतल्या एकसष्ट पाट्यांवर हे वाक्य असतं, आणि त्यांतल्या एकाही पाटीवर कुणाच्या घरच्यासारखं हे नमूद केलेलं नसतं. मापाच्या दृष्टीने ही उघड फसवणूक आहे. खात्याच्या कपाटात प्रमाणित किलो आहे, प्रमाणित मीटर आहे. प्रमाणित घर नाही. शिवाय खरं घरचं जेवण काय चीज असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण ते तेच करायचे.

त्याचं असं झालं. त्यांची बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. मध्यंतरी तिची वेळ बदलली, ती उशिरा घरी येऊ लागली, आणि रात्रीचा स्वयंपाक हा काटेसाहेबांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून आला. पहिल्या दिवशी त्यांनी बटाट्याचा रस्सा आणि भात केला. मीठ दोनदा पडलं. ते झाकण्यासाठी त्यांनी रश्श्यात संत्र्याची साल किसून घातली. ते काही झाकेना, म्हणून थोडी चहाची पूड. बायकोने पहिला घास घेतला, समोरच्या भिंतीकडे थोडा वेळ पाहिलं, आणि म्हणाली,

"वेगळं झालंय."

आता या शब्दाचा शांतपणे विचार करावा. लाखो घरांत लाखो माणसं रोज तेच ते शिजवतात. त्यांतून जे उठून दिसतं, ते वेगळं. म्हणजे चांगल्याच्या पुढची पायरी वेगळं. या तर्काच्या काट्यात कुठेही पासंग नसल्याची काटेसाहेबांनी खात्री करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी अंड्यांच्या कालवणात द्राक्षं घातली.

तेही वेगळं झालं. मग ते थांबलेच नाहीत. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला हे सुचतं तरी कसं?" त्यांच्या आईने, जिने आयुष्यभर कुणाचं कौतुक म्हणून केलं नव्हतं, पेरूच्या पानांतले बटाटे चाखून सांगितलं, "आमच्या वेळी असं नव्हतं हो काही." काटेसाहेबांचा ऊर भरून आला. अन्नही असं सकस, की चार घासांतच सगळ्यांची पोटं भरायची. उरलेलं ते दुसऱ्या दिवशी डब्यात भरून द्यायचे, आणि डबे अगदी लख्ख होऊन परत यायचे. (छापखान्याच्या मागच्या अंगणातलं कुत्रं या काळात कुठेतरी निघून गेलं. त्याचा याच्याशी संबंध जोडण्याइतका पुरावा नाही.)

अशा परिस्थितीत कुठल्याही विचारी माणसाने जे केलं असतं, तेच त्यांनी केलं. नोकरीचा राजीनामा लिहिला. फंडाचा सगळा पैसा घालून स्वतःची खानावळ काढायची. नाव ठेवायचं 'वेगळं'. टपाल कचेरीजवळचा एक गाळा त्यांनी हेरून ठेवला. सोमवारी राजीनामा द्यायचा, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं.

बायकोचा हात ताटातच थांबला. "नक्की?" तिने विचारलं.

आनंदाने माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो हा असा.

शुक्रवारी संध्याकाळी काटेसाहेब प्रतिस्पर्ध्यांची पाहणी करायला बाहेर पडले. घरी कुणी नव्हतंच. बायकोला छापखान्यात जादा काम होतं, मुलीचा क्लास होता, आणि आई फिरायला गेली होती. (गुडघे दुखत असूनही ती रोज न चुकता फिरायला जायची. डॉक्टरांनाही नवल वाटायचं.)

टपाल कचेरीच्या मागच्या गल्लीत एकच खानावळ होती. पाटी नव्हती. आत सात टेबलं, सातही डगमगणारी, सातांच्याही पायाखाली त्याच दिवशीच्या वर्तमानपत्राची घडी. गिऱ्हाइकं भरपूर, आणि आवाज फक्त चमच्यांचा. काटेसाहेब ताटं ठेवायच्या उंच मांडणीच्या आडोशाला बसले. पदर खोचलेली मालकीणबाई, जिला सगळे मावशी म्हणत होते, समोर येऊन उभी राहिली.

"काय चांगलं आहे?" त्यांनी जपून विचारलं.

"भात आणि बटाट्याचा रस्सा घ्या. कोबी नका घेऊ, आज थोडा लागलाय खाली."

काटेसाहेबांनी डोळे मिटले. प्रतिस्पर्धी तगडा होता.

तेवढ्यात दारात काठी वाजली आणि कुणीतरी म्हणालं, "या आजी, तुमची जागा ठेवलीय." मांडणीच्या फटीतून पाहिलं तर आजी म्हणजे त्यांची आई. तिच्यामागोमाग मुलगी, आणि मुलीच्या मागे पर्स सावरत बायको.

"तिघींचं नेहमीचंच ना?" मावशीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती आत गेली.

काटेसाहेबांना उठावंसं वाटलं. पण नेमका त्याच वेळी त्यांच्यापुढे रस्सा-भात आला. तपासणी अर्धवट सोडायची त्यांची सवय नव्हती.

"आज घरी काय आहे?" पलीकडून मुलीचा आवाज आला.

"सकाळी कॉफीची पूड आणि भोपळा शेजारी शेजारी ठेवलेले दिसले," बायको म्हणाली.

"अगं आई गं!" हे आईने म्हटलं.

मावशी ताटं ठेवत म्हणाली, "ताई, रागावू नका, पण एकदा खरं सांगून का टाकत नाही साहेबांना?"

"सांगते की. रोज सांगते. वेगळं झालंय म्हणते."

"हे काय सांगणं झालं?"

"मावशी, इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढतेय. पण लेखकाला तोंडावर कधी चूक म्हणायचं नसतं. समासात लिहायचं, 'येथे वेगळे वाटते, कृपया पाहावे.' शहाणा असला तर तो दुरुस्त करतो."

"आणि नसला तर?"

"तर प्रस्तावनेत माझे आभार मानतो."

मुलगी हसली नाही. "आई, बाबा सोमवारी राजीनामा देतायत. फंड जाईल सगळा. आता तरी सांग."

"कसं सांगू? दिवसभर लोकांचे काटे तपासतात. ते दिसले की दुकानदार तोंड फिरवतात. कुणी साधं 'या बसा' म्हणत नाही. संध्याकाळी एप्रन बांधला की शीळ घालतात ते. इतक्या वर्षांत मी त्यांना शीळ घालताना ऐकलं नव्हतं. ती बंद कोण करणार? तू करतेस?"

मुलीने रश्श्यात भात कालवायला घेतला.

"मी सांगते," आई म्हणाली. "मी जन्म दिलाय त्याला. मी काय घाबरते होय?"

"मग आजच सांगा, आई."

"आज नको. आज रस्सा छान झालाय."

मांडणीच्या अलीकडे काटेसाहेबांचं काय झालं, हे शासकीय भाषेत सांगायचं तर काटा शून्यावर आला. आधी राग आला. मग असं वाटलं, की खोटं तर कुणी काही बोललंच नव्हतं. बोलणाऱ्याचं माप बरोबर होतं, ऐकणाऱ्याचं खोटं होतं, आणि अशा प्रकरणी शिक्षा कुणाला करतात हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. हा सगळा विचार चालू असताना त्यांचा हात आपलं काम करत होता. रश्श्यात काहीही नव्हतं. बटाटा, मीठ, तिखट, आणि घाई नाही. तापातून उठल्यावर पहिल्यांदा भूक लागते तसं त्यांना वाटत होतं. त्यांनी खाली पाहिलं तर ताट स्वच्छ, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत ते ओरडले होते,

"मावशी, भात आणा आणखी थोडा!"

खानावळीतले चमचे थांबले.

मांडणीच्या कडेने तीन डोकी दिसू लागली. बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. मुलीने घास तोंडात तसाच धरला होता. बोलली ती आई. तिने लेकाकडे पाहिलं, रिकाम्या ताटाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर मोठा उलगडा झाल्याचा आनंद पसरला.

"अरे बाळ! म्हणजे तुलाही नाही का रे जात ते?"

असे क्षण आयुष्यात फार थोडे येतात. काटेसाहेबांपुढे दोन पर्याय होते. एक, खरं सांगणं: की आपल्याला ते जेवण आजवर मनापासून आवडत होतं. दुसरा पर्याय अब्रूचा होता.

"नाही जात," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले."

"मग बोलायचं नाही होय, बाबा!" मुलीने घास गिळला. "आम्ही आपले रोज तुमच्यासाठी—"

"मी तुमच्यासाठी," काटेसाहेब म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. ती कच्च्या मुद्रिताकडे बघते, तसं. कुठेतरी काहीतरी चुकलंय हे तिला नक्की दिसलं असणार. पण तिने खूण केली नाही. आपलं ताट उचललं आणि त्यांच्या टेबलावर येऊन बसली.

राजीनामा सोमवारी गेला नाही. कुणकुण लागलेल्या हेडक्लार्कने कारण विचारलं, तर काटेसाहेबांनी कौटुंबिक असं सांगितलं. स्वयंपाक त्यांनी सोडलेला नाही. मात्र सध्या त्यांचे प्रयोग कशातही काहीही न घालण्याच्या दिशेने चालू आहेत. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. पुष्कळदा हात चहाच्या डब्याकडे जातो आणि मागे आणावा लागतो. पहिल्यांदा साधा रस्सा पानात पडला, तेव्हा बायकोने घास घेतला, आणि भिंतीकडे न बघता सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "खारट झालाय."

लग्नानंतर इतकं गोड ती प्रथमच बोलली, असं काटेसाहेबांचं मत आहे.

त्या खानावळीचा पत्ता अनेकजण विचारतात. तो सर्वांना सरसकट देता येत नाही, कारण तिथे सातच टेबलं आहेत. मात्र ज्या वाचकांच्या घरी स्वयंपाक ते स्वतः करतात, आणि जो करतात तो घरच्यांना आवडतो अशी ज्यांची खात्री आहे, त्यांनी पत्त्यासाठी इकडे पत्रव्यवहार करू नये. घरातल्या कुणालाही विचारावं.