एकशे वीस सेंटिमीटरच्या आत

आमच्या कुटुंबाच्या गंमतगड सहलीला तत्त्वतः मान्यता मिळाली, त्या दिवशी माझी मुलगी सानवी एकशे बारा सेंटिमीटर उंच होती. ही नोंद अधिकृत आहे. माझी पत्नी रुचिरा अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला वाडीतल्या पोरांची वजनं-उंच्या घेताना ती आमच्या कन्येलाही पट्टीखाली उभी करते आणि आकडा वहीत लिहिते. त्या वहीत खाडाखोड चालत नाही. पुढे माझी जी काही शोभा झाली, ती त्या वहीमुळेच झाली.

गंमतगड हे मुंबईच्या वाटेवरचं मोठं मनोरंजन उद्यान. त्या मे महिन्यात माझ्या चुलतभावाची मुलगी राही मुंबईहून आली होती, तिने सानवीला मोबाइलवर तिथला व्हिडिओ दाखवला. पिवळ्या मधमाश्या गोल गोल फिरतायत, प्रत्येकीच्या पोटात एकेक पोर, आणि पोराने बटण दाबलं की मधमाशी भुर्रकन वर.

"बटण मीच दाबायचं? ड्रायव्हर नसतो?" सानवीने विचारलं.

"नाय गं. तूच."

झालं! सहा वर्षांच्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बटण देऊ करत होतं. ती तडक माझ्याकडे आली. "बाबा, कधी जायचं?" व्हिडिओच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मधमाशी फक्त एकशे वीस सेंटिमीटरपर्यंतच्या बालकांसाठी आहे. आठ सेंटिमीटर हातात होते. म्हटलं, भरपूर आहेत.

दुसरा कुणी बाप असता तर पुढच्या आठवड्यात पोरांना घेऊन गाडीत बसला असता. पण मी, हर्षद, एका सरकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेत वरिष्ठ सहायक आहे. आणि नेमका त्याच आठवड्यात मी गणपतीपुळ्याहून 'वास्तववादी नियोजन' या विषयाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परतलो होतो. त्या तीन दिवसांत बिनचूक पार पडलेलं नियोजन एकच, दुपारच्या जेवणाचं. पण प्रमाणपत्र मिळालं आणि ते मी चौकटीत घालून देवाच्या फोटोशेजारी टांगलं. प्रशिक्षणाचं सार एवढंच होतं: जे जे बिघडू शकतं, ते सगळं आधी गृहीत धरा.

मी नवी फाईल काढली. वर लिहिलं, 'सहल, गंमतगड. वास्तववादी.'

पहिला मुद्दा, कधी जायचं. मे महिन्यात जाणं शक्यच नव्हतं. मे महिन्यात मुंबई आमच्याकडे येते. घरात अकरा माणसं, आंबे उतरवणं चाललेलं, आणि यजमानच घराला कुलूप लावून पोरांना घेऊन पाळण्यात बसायला गेला, तर भावकीत तोंड दाखवायची सोय राहील का? जून ते सप्टेंबर पाऊस. मध्ये लावणी, मग गणपती. राहता राहिली दिवाळी. पण दिवाळीत तिथे गर्दी असते, आणि गर्दीत सहा वर्षांचं पोर रांगेत किती वेळ तग धरतं, याची कुठलीही आकडेवारी माझ्याकडे नव्हती. आकडेवारीशिवाय मी पाऊल उचलत नाही. मी रंगीत तालीम ठरवली.

ऑक्टोबरच्या एका रविवारी मी अंगणात कपड्यांच्या दोऱ्या आडव्या-उभ्या बांधल्या, वेटोळी रांग तयार केली आणि निहार-सानवीला त्यात उभं केलं. निहार माझा मोठा, दहा वर्षांचा. दोघांच्या पाठीला दप्तरं, डोक्यावर टोप्या. वेळ : पाऊण तास.

माझी आई, सगुणा, सूप घेऊन बाहेर आली आणि तिथेच थबकली. "आरं हर्षा, पोरां उनात कशास उभी केलीस? काय चुकला त्यांचा?"

"सराव आहे आई. गंमतगडाचा."

"गंमत हाय ना? मंग ती रडकुंडीला का आल्येत?"

मी तिला वास्तववादी नियोजन समजावून सांगितलं. ती सूप घेऊन आत गेली ती काहीतरी पुटपुटतच.

दहा मिनिटांनी शेजारचे काशीराम फाटकाशी आले. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी रांग पाहिली, फाटक उघडलं आणि निहारच्या मागे उभे राहिले.

"काय मिळताय हितं?"

"काही नाही काका. आम्ही सराव..."

"आसू दे. नंबर लावून ठेवतो."

काशीराम उभे राहिले म्हणून त्यांची सून पिशवी घेऊन आली. सून दिसली म्हणून समोरची दोन घरं आली. अर्ध्या तासात माझ्या अंगणात सतरा माणसं होती. कुणी म्हणालं रेशनकार्डाचं काहीतरी आहे, कुणी म्हणालं फॉर्म भरून घेतायत. एका बाईने आधार कार्डाच्या चार झेरॉक्स काढून आणल्या होत्या. मध्ये घुसण्यावरून दोघांची जुंपली आणि भांडण मिटवायला मला चिठ्ठ्या कापून नंबर वाटावे लागले. खरं सांगतो, नोकरीच्या चौदा वर्षांत माझ्यावर लोकांनी एवढा विश्वास कधी टाकला नव्हता. मी जरा सुखावलोच.

तेवढ्यात सानवी रांगेच्या टोकाला, माझ्या खुर्चीसमोर पोचली. घामाघूम झालेली, पण डोळे चमकत होते. "आला माझा नंबर! आता काय?"

आता काय, याचा मी विचारच केला नव्हता. पण प्रशिक्षण कामी आलं. "देखभालीच्या कामासाठी राईड आज बंद आहे," मी गंभीरपणे म्हणालो. असं तिथे नेहमी होतं म्हणतात.

ती भोकाड पसरून रडली. मी फाईलमध्ये लिहिलं, 'बालक क्रमांक दोन रडले. अपेक्षित.' आज तो शेरा वाचला की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. तेव्हा मात्र मी अक्षर छान आलंय का ते बघत होतो.

रांगेतल्या लोकांनी मात्र काही तक्रार केली नाही. "उद्या किती वाजता उघडणार?" एवढंच विचारून सगळे शांतपणे घरी गेले.

दिवाळी तालमीचा अहवाल लिहिण्यात गेली. नोव्हेंबरमध्ये रुचिराने वही माझ्यापुढे टाकली. "एकशे पंधरा. अहो, ती महिन्याला अर्धा सेंटिमीटर वाढत्ये. तुमची फाईल तेवढीसुद्धा सरकत नाही."

"घाईत केलेलं नियोजन..."

"घाई? नकटीच्या लग्नालासुद्धा सतराशेच विघ्नं होती. तुम्ही अठराशेवर पोचलात."

मी ते मनावर घेतलं नाही. त्यानंतर घाटातली उलटी (सराव : निवळीचा घाट, दोन फेऱ्या, लाल डब्याची मागची सीट) आणि बाहेरचं खाणं आत न नेण्याचा नियम (सराव : आईने निहारच्या टोपीत घावणे लपवले, मी झडती घेतली, सापडले, आई दोन दिवस बोलली नाही) हे विषय हातावेगळे केले. मग फेब्रुवारीत माझ्या डोक्यात खरी अडचण लखकन चमकली. गेटवरच्या माणसाने सानवीच्या उंचीवर शंका घेतली तर? आपल्याकडे पुरावा काय?

"पुरावा म्हणजे तीच की," रुचिरा म्हणाली. "समोर उभी असेल ना."

बायकांना कागदाचं महत्त्व कळत नाही, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायची छाती नव्हती. मी उंचीच्या दाखल्यासाठी अर्ज केला. त्या दिवशीची उंची एकशे सोळा.

ज्या कार्यालयात अर्ज केला, तिथले साहेब माझ्यासारखेच निघाले. अर्ज त्यांनी तीनदा वाचला. "अडचण अशी आहे, की उंची ही बदलती बाब आहे. आज आम्ही एकशे सोळा लिहून दिली आणि उद्या ती वाढली, तर आमचा दाखला खोटा ठरेल. जबाबदार कोण?"

मुद्दा बिनतोड होता. मला त्या माणसाविषयी आदर वाटला. "मग मार्ग काय साहेब?"

"हमीपत्र द्या. दाखल्याचा उपयोग होईपर्यंत सदर बालिकेची उंची वाढणार नाही, आणि वाढल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी पालकाची राहील."

आणि मी ते लिहून दिलं. स्टॅम्प पेपरवर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. एक साक्षीदार काशीराम. त्यांनी न वाचताच सही केली, आणि रांगेतला आपला नंबर अजून चालू आहे का, ते विचारून घेतलं.

त्या हमीपत्राची प्रत आईच्या हाती पडली. आईला वाचता येतं, ही गोष्ट माझ्या नियोजनात धरलेलीच नव्हती.

"मेल्या!" ती किंचाळली. "पोटच्या पोरीची वाढ खुंटू दे, म्हणून स्टँपावर लिहून दिलंस? जीभ कशी झडली नाय तुझी?"

"आई, अगं ते तांत्रिक..."

"तुझं तांत्रिक घाल चुलीत!"

मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन आईने सानवीची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका नाही आला, म्हणजे दृष्ट जबर होती, आणि ती लावणारा बापच, हे तिने सगळ्या वाडीत सांगितलं. मग ती उपायाला लागली. सकाळी नाचणीची पेज, दुपारी बांगडा, चार वाजता खोबरं-गूळ, संध्याकाळी पुन्हा मासळी. शिवाय अंगणातल्या आंब्याच्या फांदीला रोज दहा मिनिटं लोंबकळायचं. सानवीला ते फार आवडलं. पेरूच्या झाडासारखी पोरगी सरसरून वर निघाली. माझ्या सरकारी हमीच्या विरोधात माझी सख्खी आई उभी ठाकली होती, आणि ती जिंकत होती.

दर महिन्याला वही बोलत होती. एकशे सतरा. एकशे अठरा. पावसाळ्यात एकशे एकोणीस. मी दाखल्यासाठी खेटे घालत होतो आणि घरी येऊन सानवीला सांगत होतो, "जरा बसूनच खेळ ना गं."

दाखला ऑक्टोबरच्या शेवटी मिळाला. सुरेख कागद, गोल शिक्का, 'उंची : ११६ सेंमी.' दिवाळी झाल्यावर मधल्या वारी, शाळा बुडवून, आम्ही निघालो. निघण्याआधी रुचिरा वही काढायला लागली, तेव्हा मी तिला थांबवलं. "आता अधिकृत कागद आहे आपल्याकडे." तिने वही पिशवीत टाकली.

घाटात कुणाला उलटी झाली नाही. आईने दिलेले घावणे गेटवर कुणी पाहिलेसुद्धा नाहीत. आणि रांग? रांगच नव्हती. गंमतगड ओस पडला होता. दीड वर्षात मी जे जे बिघडणार म्हणून गृहीत धरलं होतं, त्यातलं काहीही बिघडलं नाही. मला थोडं वाईट वाटलं.

सानवी माझा हात सोडून धावत सुटली. पिवळ्या मधमाश्या रिकाम्याच बसल्या होत्या. शेजारी लाकडी मधमाशी होती, एक पंख आडवा पसरलेली. त्या पंखाखालून डोकं जायला हवं. तिथे गणवेशातली एक मुलगी उभी होती, छातीवर नाव 'भाविका'.

सानवी पंखाखाली गेली. डोकं अडलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच गुडघे वाकवले.

"सरळ उभी राहा, बाय," भाविका हळुवारपणे म्हणाली.

मी दाखला पुढे केला. तिने तो नीट वाचला, शिक्का पाहिला. "रत्नागिरीचे तुमी? मी अंजनवेलची." मग जरा ओशाळून म्हणाली, "काका, दाखला बरोबर हाय. पोरगी वाढल्ये."

"पण ताई, सरकारी कागद आहे. हमीपत्रसुद्धा आहे."

"मंग काय करू? मधमाशीत दाखला बसवू काय?"

रुचिरा तोंड फिरवून उभी होती. निहार बुटाच्या नाड्या बांधत बसला, बांधलेल्याच. सानवी अजून गुडघे वाकवून पंखाखाली उभी होती, पाय थरथरत होते तरी.

"बाबा," तिने विचारलं, "मी आता सरळ उभी राहू?"

  मी तिला उचलून घेतलं. ती जड लागली. शेवटचं कधी उचललं होतं ते आठवेना. भाविकाने कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिला मशीनच्या खोलीत नेलं आणि तिचं बोट धरून मोठं बटण दाबू दिलं. बारा रिकाम्या मधमाश्या वर गेल्या. सानवी खाली उभी राहून बघत होती.

घरी आल्यावर मी अहवाल लिहिला. 'सहल यशस्वी. उद्दिष्टपूर्ती शंभर टक्के, लाभार्थी वगळून.' फाईल बंद केली. रुचिराने वहीत एकशे एकवीस लिहिलं, आणि त्यापुढे शेरा : 'वाढ उत्तम.'

आता तुम्ही मला हसताय. हसा. पण मघाशी, तुमच्या हातात हा कागद असताना, कुणीतरी येऊन तुमची बाही ओढली ना? "चला ना," म्हणालं. आणि तुम्ही मान वर न करता सांगितलंत, "थांब, एवढं वाचून होऊ दे."

झालं वाचून. आता बघा ते कुठे गेलं. आणि जाताना मोजपट्टी घेऊन जा.