गिरजाचा नेम

माझी धाकटी बहीण गिरजा बसल्या जागी माणसावर नेम धरते. पाहुणा बोलत असतो आणि हिचा उजवा हात सतरंजीवरून हळूच सरकायला लागतो. सरकतो, थांबतो. मग एका बोटानं टक् करते आणि पुटपुटते, "वेचला." माझ्या नातीला पाहायला आलेला नवरदेव तिनं असाच वेचला. आपल्या कपाळावर रोखलेली तिची नजर पाहून बिचाऱ्यानं पोह्यांची बशी खालीच ठेवली.

महागावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. गिरजा साठीला टेकली, नवरा गेला, पोरगा प्रशांत पुण्याला नोकरीत. त्याचा जुना कम्प्युटर इथंच राहिला. त्यात बंदुकीचा खेळ आहे. पाच इकडचे, पाच तिकडचे, दिसला की मारायचा. प्रशांतही पुण्याहून हाच खेळतो, मित्रांशी गप्पा मारत, संध्याकाळभर. आईला फोन मात्र एवढाच, "जेवली का? बरं, ठेवतो."

एकदा गिरजा म्हणाली, मलेही घे ना तुमच्यात. तो हसला. म्हणाला, आधी आमच्या पायरीपर्यंत चढून ये, खालच्या पायरीवरच्याला खेळच आमच्यात घेत नाही. पोरानं टाळायला सांगितलं. हिनं मनावर घेतलं.

सुरुवातीला तिचा माउस असा पळे, की बंदूक एकदा आभाळात तर एकदा जमिनीत. मी गोफणीनं ज्वारीवरची पाखरं हाकललेला माणूस. चौथीत शाळा सुटली, पण नेम सुटला नाही. मी सांगितलं, नेम मनगटात नसतो, खांद्यात असतो. ऐकलं नाही. मग यवतमाळच्या कम्प्युटरवाल्यानं माउसचा वेग कमी करून दिला आणि तेच सांगितलं, तेव्हा लगेच पटलं. हे मी विसरलेलो नाही. अख्खा हात फिरायला जागा पाहिजे म्हणून तिनं टेबलावर जुन्या सतरंजीचा तुकडा अंथरला. सकाळच्या भाकरी झाल्या की सराव सुरू. खांदा दुखला की तेल चोळायची, पण उठायची नाही.

एक गोष्ट मात्र तिनं आपल्याच मनानं केली. मी म्हणत होतो, पडद्यावरच्या नेमाच्या टिंबाकडं पाह्य. ती म्हणाली, "कापूस वेचताना हाताकडं कोण पाह्यते दादा? डोया बोंडावर, हात आपोआप जाते." मी मानलं नाही. अजूनही मानत नाही. पण त्या दिवसापासून तिच्यासमोरची माणसं पडायला लागली.

पायरी चढायचा सामना रविवारी दुपारी आला. हरली तर पुन्हा कितीतरी खाली. सकाळपासून लाइन येऊन-जाऊन होती. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. तिनं बांगड्या मागं सारल्या, हात पदराला पुसला. दोन्ही बाजू बरोबरीत आल्या. शेवटचा डाव. तिचे चारही साथी पडले. उरली ही एकटी, आणि समोर एक जण, कुठंतरी लपलेला. पंखा मंद झाला. पडदा लुकलुकला. तिच्या कपाळावरून घाम भुवईत उतरला, पण तिनं पुसला नाही.

मी म्हणालो, डावीकडं पाह्य, डावीकडं.

"गप बस, दादा."

ती उजवीकडं वळली. दाराच्या फटीत टोपीचं टोक दिसलं न दिसलं. तिचा हात खांद्यापासून सरकला. थांबला. टक्.

"वेचला." आणि मग उठून तांब्याभर पाणी प्यायली. तो गडी आधी डावीकडंच असला पाहिजे, एवढं मी आजही म्हणतो.

संध्याकाळी प्रशांतनं तिला घेतलं. स्पीकरमधून त्याचा आवाज घरभर झाला. "आई, तू खरंच आली?" पहिल्या डावात हिनं दोघं वेचले. पोरं तिकडं ओरडली. मग ही आपल्या पायानं मोकळ्या चौकात जाऊन उभी राहिली. मेली. पुढच्या डावात तेच. त्याच्या पुढच्या डावातही तेच.

माझं टाळकं फिरलं. "गिरजे, एवढी शिकली, अन् उघड्यावर कायले उभी राहून राह्यली?"

तिकडून प्रशांतही तेच विचारत होता. "चुकलं बाबा," ती त्याला म्हणाली. मग माइकवर हात ठेवून माझ्याकडं वळली. "आपण मेलो ना दादा, का खेळ आपल्याले प्रशांतच्या डोयातून पाहू देते. तो कुठं चालला, कुठं पाह्यते, सारं दिसते."

पडद्यावर आता प्रशांतची बंदूक चालली होती. एका अंधाऱ्या दारापाशी ती थबकली.

"पाह्य," गिरजा हळूच म्हणाली. "लहानपणीही खोलीत शिरायच्या आधी असाच थांबे. मी मागं आहो का, ते पाहाले."

माउस तिनं केव्हाच सोडला होता. हात सतरंजीवर नुसता पडला होता. मी खुर्ची जवळ घेतली. प्रशांत दाराशी थांबलेला होता, आणि त्याच्या मागं आम्ही दोघं, श्वास रोखून.